आधी तो कॉम्प्युटर बंद करा

पत्र: "आमची ऐरोलीत ३२ फ्लॅटची सोसायटी आहे. मी यंदाच सचिव झाले. ऑफिसच्या कॉम्प्युटरची डिस्क भरली म्हणून खजिनदारांच्या मुलाने सीसीटीव्हीच्या जुन्या क्लिप्स काढायला घेतल्या आणि त्यांच्यासोबत 'सोसायटी' नावाचं अख्खं फोल्डर शिफ्ट-डिलीटने उडालं. २०१३ पासूनची इतिवृत्तं, मेंबर लेजर, मेंटेनन्सची बिलं, शेअर सर्टिफिकेट आणि नॉमिनेशनचे स्कॅन, सगळं त्यात होतं. रिसायकल बिन रिकामा आहे. मुलाने तासाभरात घरी येऊन सांगितलं आणि त्याच दिवशी नेटवरून सॉफ्टवेअर उतरवून स्कॅनही केलं. डी ड्राइव्हवर 'रिकव्हर्ड' नावाच्या फोल्डरमध्ये तीनेकशे फाईल्स आल्या, पण निम्म्या उघडत नाहीत. वाशीतला एक दुकानदार १८ हजार मागतो. माजी सचिव म्हणतात फोल्डर डी ड्राइव्हवर होतं, मला ते डेस्कटॉपवर असल्याचं आठवतं. गेल्या वर्षी कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून एसएसडी बसवून घेतली, जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क आतच ठेवली. सप्टेंबरअखेर वार्षिक सभा आहे. अध्यक्षांचं म्हणणं, खर्च त्या मुलाकडून वसूल करा. काय करू?"
— एक सचिव, ऐरोली

ताई,

हे वाचताना तो कॉम्प्युटर चालू असेल तर आधी बंद करा. मग कॅबिनेटचं बाजूचं झाकण उघडून जुन्या हार्ड डिस्कला लागलेल्या दोन्ही वायरी, एक डेटाची आणि एक पॉवरची, काढून ठेवा. जमत नसेल तर जवळच्या हार्डवेअरवाल्याला बोलवा, त्याचं पाच मिनिटांचं काम आहे. ऑफिसात कुणाला पावती छापायची असेल, नोटीस टाइप करायची असेल, तर ती कुणाच्या तरी लॅपटॉपवर. अध्यक्षांना तातडीने प्रिंट हवी असली तरीसुद्धा.

घाई कशाला, ते सांगतो. फाईल डिलीट केली म्हणजे डिस्कवरचा मजकूर पुसला गेला असं नसतं. विंडोजची डिस्क बहुतेक वेळा एनटीएफएस पद्धतीची असते आणि तिच्यात प्रत्येक फाईलची नोंद एका मुख्य तक्त्यात असते. नाव, तारीख, आकार आणि डिस्कवर ती कुठून कुठपर्यंत पसरली आहे त्याचा पत्ता, एवढं त्या नोंदीत असतं. डिलीट केलं की विंडोज त्या नोंदीवर 'वापरात नाही' अशी खूण करतं आणि तेवढी जागा मोकळी धरतं. तळमजल्यावरच्या नावांच्या बोर्डवरून ३०२ चं नाव पुसलं, पण बिऱ्हाड अजून घरातच आहे, असा तो प्रकार. नवा भाडेकरू सामानासकट आत शिरेपर्यंत जुनं बिऱ्हाड सापडू शकतं. शिफ्ट दाबून डिलीट केल्याने त्यात फारसा फरक पडत नाही, मधला रिसायकल बिनचा थांबा तेवढा चुकतो.

आता गोम अशी की तुम्ही काहीही न करता नुसता कॉम्प्युटर चालू ठेवला, तरी डिस्कवर लिहिलं जातं. विंडोज साधारण आठवड्याला एकदा हार्ड डिस्कवरच्या विखुरलेल्या फाईल्स उचलून मोकळ्या जागेत सलग लावतं. एरवी ही चांगलीच सवय आहे, पण सध्या ती 'मोकळी जागा' म्हणजे तुमचं लेजर आहे. सीसीटीव्हीच्या नव्या क्लिप्स अजून तिथेच उतरवत असाल तर विचारायलाच नको. आणि कुणी जाणकार 'एकदा चेकडिस्क मारून बघा' म्हणाला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. चेकडिस्क डिस्कचा हिशेब जुळवतं, फाईल्स वाचवणं हे त्याचं कामच नाही. हिशेब जुळवताना ते नेमक्या त्या जुन्या नोंदींवर हात फिरवू शकतं.

खजिनदारांच्या मुलाने केलेल्या स्कॅनबद्दल. सॉफ्टवेअर बहुधा डाउनलोड्समध्ये, म्हणजे सी ड्राइव्हवर उतरलं. सी तुमच्याकडे वेगळी एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी वेगवान डिस्क) आहे आणि डी म्हणजे ती जुनी हार्ड डिस्क, त्यामुळे डी ड्राइव्हचं त्यात काही बिघडलं नाही. बिघडलं ते सापडलेल्या फाईल्स परत डी ड्राइव्हवरच ठेवल्या तेव्हा. तीनशे फाईल्स लिहायला जागा लागली, ती मोकळ्या म्हणून धरलेल्या जागेतूनच गेली. पण त्याच्या आधी त्याने सीसीटीव्हीच्या क्लिप्सही काढल्या होत्या आणि क्लिप्स जागा भरपूर खातात. म्हणजे मोकळ्या झालेल्या जागेत मोठा वाटा क्लिप्सचा आहे, तुमच्या फोल्डरचा त्या मानाने थोडा. घाव पार्किंगच्या जुन्या चित्रणावर पडला असण्याची शक्यता चांगली आहे. ते 'रिकव्हर्ड' फोल्डर आता घाबरून डिलीट करू नका. त्याने गेलेलं परत येत नाही.

आता तुमचा आणि माजी सचिवांचा वाद. या सगळ्यात पैशाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न तोच आहे आणि तो वाद घालून सुटणार नाही, पण बघून सुटेल. जुन्या हार्ड डिस्कच्या वायरी काढलेल्या असताना कॉम्प्युटर नुसत्या एसएसडीवर सुरू करा. एक्सेल उघडा, कुठलीही फाईल न उघडता 'ओपन'मध्ये जाऊन अलीकडच्या फाईल्सची यादी बघा. फाईल जागेवर नसली तरी तिचं नाव या यादीत राहतं आणि नावाखाली बारीक अक्षरात ती कुठल्या ड्राइव्हवर, कुठल्या फोल्डरमध्ये होती ते लिहिलेलं असतं. तिथे डी दिसला की माजी सचिव जिंकले. तुम्हाला डेस्कटॉपवर दिसायचं ते बहुधा शॉर्टकट असेल, कोपऱ्यात छोटा बाण असलेला. कॉम्प्युटर परत बंद करा.

यावर एवढा भर देण्याचं कारण म्हणजे एसएसडीचा स्वभाव वेगळा आहे. २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ पासून विंडोज डिलीट झालेल्या जागेची यादी एसएसडीला कळवतं. त्याला ट्रिम म्हणतात. तो निरोप मिळाला की ती जागा वाचायला गेल्यावर एसएसडी बहुधा नुसती शून्यं दाखवते आणि आतला मजकूर सवडीने खरोखरच पुसून टाकते. म्हणून फोल्डर डेस्कटॉपवरच होतं असं निघालं, तर एसएसडी खरवडायला पैसे घालू नका. 'एसएसडीवरून शंभर टक्के काढून देतो' असं दुकानदार म्हणाला तर मुळीच नका.

त्या परिस्थितीतही दोन जागा बघण्यासारख्या आहेत. एक, वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची नेटवरची साठवण. हल्लीचं विंडोज मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याचदा डेस्कटॉप वनड्राइव्हवर चढवून ठेवतं, आपल्याला पत्ताही नसतो. त्यांच्या वेबसाइटवर लॉगिन करून तिथला रिसायकल बिन बघा, वैयक्तिक अकाउंटला त्यात ३० दिवस फाईल्स राहतात. दुसरी जागा जास्त आशेची वाटते. गेल्या वर्षी एसएसडी बसवण्याआधी तुमचं विंडोज त्या जुन्या हार्ड डिस्कवर होतं, म्हणजे तेव्हाचा डेस्कटॉपही तिच्यावरच होता. बसवणाऱ्याने ते जुनं विंडोज तसंच ठेवलं असेल, तर गेल्या वर्षीपर्यंतचं सगळं 'युझर्स' फोल्डरच्या पोटात बसून असेल. त्याने फॉरमॅट मारलं असलं तरी ते बहुधा क्विक फॉरमॅट असणार, आणि त्यात नवा तक्ता मांडला जातो, मजकूर बराचसा तसाच राहतो. त्या माणसाला आजच फोन करा. ही मंडळी डिस्क बदलताना गिऱ्हाइकाचा डेटा आपल्या डिस्कवर काढून ठेवतात आणि कित्येकदा तो तिथेच पडून असतो.

तेव्हा फोल्डर कुठेही असो, जपायची ती जुनी हार्ड डिस्क.

पुढचं काम दुसऱ्या कॉम्प्युटरवर. डिस्क यूएसबीला जोडायचं अडॅप्टर मिळतं. तुमची डिस्क डेस्कटॉपची, म्हणजे साडेतीन इंची असणार, तेव्हा स्वतःचा पॉवर सप्लाय असलेलं अडॅप्टर घ्या. नुसत्या यूएसबीच्या विजेवर ती फिरत नाही आणि मग लोक उगाच डिस्क गेली म्हणून बसतात. जोडल्यावर विंडोजने 'स्कॅन अँड फिक्स' किंवा 'फॉरमॅट' विचारलं तर नाही म्हणा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात डिस्कची तब्येत बघा. निळं 'गुड' दिसलं तर पुढे चला. पिवळं 'कॉशन' असेल तर वाचता न येणारे सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) तयार होताहेत असं समजा आणि घरगुती प्रयोग थांबवा. टकटक असा आवाज येत असेल तर डिस्क लगेच बंद. हेड, म्हणजे डेटा वाचणारा भाग, बिघडलेली डिस्क जितकी फिरेल तितकं नुकसान वाढतं आणि ती उघडायची तर क्लीन रूमच (धूळमुक्त खोली) लागते, कारण हेड प्लेटपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं आणि धुळीचा साधा कण त्या फटीपेक्षा कितीतरी मोठा असतो. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला देणारा नातेवाईक प्रत्येक घरात असतो, त्याचंही ऐकू नका.

डिस्क ठणठणीत निघाली तर पहिलं काम तिची इमेज काढणं. इमेज म्हणजे पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत, मोकळ्या धरलेल्या जागेसकट, जशीच्या तशी नक्कल. कॉपी-पेस्टने हे होत नाही, कारण त्यात फक्त जिवंत फाईल्स येतात आणि तुम्हाला हव्यात त्या नेमक्या मेलेल्या. ५०० जीबीच्या इमेजसाठी १ टीबीची एक्स्टर्नल डिस्क लागेल. ती सोसायटीच्या पैशातूनच घ्या, पुढे बॅकअपला कामाला येते. यूएसबी ३ असेल तर दोनेक तास, जुन्या यूएसबी २ वर पाच-सहा तास धरा. मध्ये वीज जाऊ नये म्हणून लॅपटॉप बरा, पण डिस्कच्या अडॅप्टरला यूपीएस हवाच. लिनक्स येणारा कुणी मेंबर असेल (ऐरोलीत माइंडस्पेसला जाणारी पोरं प्रत्येक विंगमध्ये सापडतात) तर त्याला डीडीरेस्क्यू नावाच्या सॉफ्टवेअरने इमेज काढायला सांगा. नाहीतर डीएमडीई हे फाईल्स परत मिळवायचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं आणि त्यातही इमेज काढता येते. एकदा इमेज हातात आली की जुनी डिस्क कपाटात ठेवा आणि शोधाशोध सगळी इमेजवर करा. तिथे दहा वेळा चुकलात तरी चालतं.

शोधताना क्रम महत्त्वाचा आहे, आणि तुमच्या निम्म्या फाईल्स का उघडत नाहीत तेही यातच कळेल. आधी तो जुना तक्ता वाचणारं स्कॅन करा. डीएमडीईची फुकट आवृत्ती एका वेळी एका फोल्डरमधून ४००० फाईल्सपर्यंत काढून देते, तुम्हाला तेवढं पुरावं. या पद्धतीत नावं, तारखा आणि फोल्डरची रचना परत मिळते. फाईल दिसते पण उघडत नाही, म्हणजे नोंद शाबूत आहे, पण त्या पत्त्यावर दुसरं काहीतरी येऊन बसलंय. त्यात सॉफ्टवेअरचा दोष नाही आणि महागडं सॉफ्टवेअर घेतल्याने ती उघडणार नाही.

तक्त्यात नाहीच सापडलं तर फोटोरेक नावाचं सॉफ्टवेअर. हे तक्त्याकडे बघतच नाही, डिस्कभर फिरून फाईलच्या सुरुवातीची ठरावीक खूण शोधतं. जेपेग, पीडीएफ, एक्सेल, प्रत्येकाची खूण वेगळी. त्यामुळे नावाशिवाय फाईल्स मिळतात, इंग्रजी एफ आणि पुढे नुसते आकडे. शेअर सर्टिफिकेटचे स्कॅन असे चांगले मिळतात, कारण ते एकदाच लिहिले, परत कुणी हात लावला नाही, त्यामुळे बहुधा सलग पडलेले असतात. सीसीटीव्हीच्या क्लिप्स अशा क्वचितच धड मिळतात, पण त्यांच्यासाठी कोण रडतंय!

लेजरची गंमत वेगळी आहे. एक्सेल फाईल सेव्ह करताना जुनीवर लिहीत नाही. नवी फाईल तयार करून जुनी काढून टाकतं. म्हणजे वर्षभर सेव्ह करत आलेल्या लेजरच्या जुन्या आवृत्त्याही मोकळ्या जागेत विखुरलेल्या असू शकतात. फोटोरेकमधून एकच लेजर सात-आठ वेळा निघालं तर गोंधळू नका. प्रत्येक उघडून शेवटची पावती कुठल्या तारखेची आहे ते बघा आणि सगळ्यात ताजं ठेवा. आणि नावाच्या सुरुवातीला नागमोडी रेघ आणि डॉलरचं चिन्ह असलेल्या फाईल्स दिसल्या तर हुरळून जाऊ नका. त्यांची नावं हुबेहूब तुमच्या लेजरसारखी असतात, पण फाईल कुणी उघडली आहे एवढीच त्यात नोंद असते. एक्सेलच्या अशा फाईलचा आकार जेमतेम १६५ बाइट असतो. तुमच्या त्या न उघडणाऱ्या दीडशेमध्ये या किती आहेत ते आधी मोजा, कदाचित निम्मी चिंता तिथेच मिटेल.

दुकानदाराकडे जायचं की नाही? चांगल्या डिस्कवरून नुसत्या डिलीट झालेल्या फाईल्ससाठी १८ हजार मला जास्त वाटतात. ना पार्ट बदलायचे, ना क्लीन रूम लागायची. तरी घरी कुणाला जमणार नसेल तर जा, वाशीला किंवा लॅमिंग्टन रोडला, पण बोलून घ्या. आधी इमेज काढणार का? सापडलेल्या फाईल्सची यादी पैसे देण्याआधी दाखवणार का, आणि त्यातल्या आपण सांगू त्या चार उघडून दाखवणार का? काही मिळालं नाही तर किती घेणार? डिस्कचा सीरियल नंबर पावतीवर लिहून घ्या. या फोल्डरमध्ये ३२ घरांचे पॅन, फोन नंबर, सह्या आणि नॉमिनी आहेत, तेव्हा काम झाल्यावर त्यांच्याकडची नक्कल पुसण्याचंही लेखी घ्या.

आता सभेचं. खरं सांगायचं तर मला तुमची सभा धोक्यात दिसत नाही. ३० सप्टेंबरच्या आत जी सभा होते तिच्यापुढे ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचा हिशेब ठेवायचा असतो, आणि तो हिशेब एव्हाना ऑडिटरकडे गेलेला असणार. त्यांच्याकडे ताळेबंद आहे, मेंबरवार थकबाकीची यादी आहे आणि बहुधा तुमच्याच माणसाने मेल केलेली एक्सेलची फाईलही आहे. म्हणजे खरी पोकळी फक्त एप्रिलपासूनची. ३२ फ्लॅट, पाच महिने. बँकेचं स्टेटमेंट आणि पावती पुस्तक घेऊन बसलं तर एका रविवारात उरकेल. डिस्कचं काय होईल याची वाट न बघता ते काम आजच कुणाकडे तरी सोपवा, कारण सभेची सूचना १४ पूर्ण दिवस आधी निघायला हवी.

बाकीच्यासाठी सोसायटीच्या मेलमधलं 'सेंट' उघडा आणि अटॅचमेंट असलेल्या मेल्स वेगळ्या करा. मेलवर गेलेली बिलं तिथे आहेत. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकलेली इतिवृत्तं कुणा ना कुणाच्या फोनमधल्या व्हॉट्सअ‍ॅप डॉक्युमेंट्सच्या फोल्डरमध्ये पडलेली असतात. जे ज्येष्ठ मेंबर फोनमधून कधीच काही काढत नाहीत त्यांच्याकडे आधी जा. शेअर सर्टिफिकेटची मूळ प्रत मेंबरकडे असते. आय आणि जे रजिस्टर (सभासदांची नोंदवही आणि यादी), सहीचं इतिवृत्त पुस्तक, नॉमिनेशनचे मूळ फॉर्म सोसायटीच्या कपाटात असायला हवेत, आणि कायद्याच्या दृष्टीने वजन त्या कागदांनाच आहे. ते कपाटात नसतील तर तुमचा प्रश्न हार्ड डिस्कपेक्षा मोठा आहे, आणि तो माजी सचिवांना विचारायचा.

आणि तो मुलगा. त्याच्याकडून एक रुपयाही घेऊ नका. दुसऱ्याचं काम फुकटात करायला बसला होता, चुकल्यावर तासाभरात येऊन सांगितलं. तो गप्प बसला असता तर पंधरा दिवस त्याच डिस्कवर काम चाललं असतं आणि मग मलाही तुम्हाला सांगण्यासारखं काही उरलं नसतं. बारा वर्षांचं दप्तर एका डिस्कवर, एकाच प्रतीत ठेवलं ते कमिटीने, आणि त्या बारा वर्षांत अध्यक्ष किती वर्षं होते ते त्यांना हळूच विचारा. मुलाला मात्र बोलवा आणि शांतपणे बसवून लिहून घ्या: किती वाजता डिलीट केलं, कुठल्या ड्राइव्हमधून, सॉफ्टवेअर कुठलं, त्यानंतर आणखी काय काय उघडलं. इमेज तपासणाऱ्याला या टिपणाचा फार उपयोग होतो.

सापडलेलं सगळं दोन जागी ठेवा, एक ती नवी एक्स्टर्नल डिस्क आणि दुसरी सोसायटीच्या मेल अकाउंटची गुगल ड्राइव्ह. तिथे १५ जीबी फुकट मिळतात. फक्त कॉम्प्युटरवरचं फोल्डर ड्राइव्हशी आपोआप जुळणारं ठेवू नका, इथे डिलीट झालं की तिथेही होतं आणि तिथल्या ट्रॅशमध्ये ३० दिवसच राहतं. महिन्याला एकदा हाताने चढवा.

जुनी हार्ड डिस्क मात्र लगेच कॉम्प्युटरमध्ये परत बसवू नका. सभा होऊन जाऊ दे, ऑडिटरला सापडलेलं लेजर तपासू दे, काही राहिलं असेल तर इमेजसोबत तीही हाताशी असावी. नंतर ती भंगारात द्यायची ठरली तर आधी पूर्ण फॉरमॅट करा, 'क्विक'ची खूण काढून. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट डिस्कभर शून्यं लिहितं. तसं न करता दिली तर भंगारवाल्याकडून घेणाऱ्यालाही तुमचं फोल्डर याच पद्धतीने सापडेल.